भिंतीकडचा कान

१

ट्यूबवाला हेडफोन अँप्लिफायर घरच्या घरी जुळवायचं किट मला ताईने दिलं, तेही वाढदिवसाला, रंगीत कागदात गुंडाळून. खोका उघडला, आतल्या दोन काचेच्या ट्यूब पाहिल्या आणि माझा चेहरा पडला. ताईला वाटलं, मी गहिवरलो.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "आता पुरे. कपाटातून तुझे हेडफोन काढ. किती दिवस स्वतःला शिक्षा करत बसणार आहेस?"

मी रंगीत कागदाची घडी घालत बसलो. न बोलण्यात माझा हातखंडा आहे.

ताई म्हणजे माझी आतेबहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आईवडील गेल्यावर आत्याने मला आपल्या घरी आणलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून या तीन खोल्यांत आम्ही तिघं. आत्या लोकांचे कपडे शिवायची. तिच्या मशीनच्या घरघरीत मी पाढे पाठ केले, शिकलो आणि वजनकाटे तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत चिकटलो. ताई नर्स झाली. लग्न दोघांचंही जमलं नाही, आणि जमावं म्हणून आम्ही फार धडपडलोही नाही.

आत्या गेली त्याला दोन वर्षं झाली. त्या दुपारी घरात मी एकटाच होतो. हेडफोन लावून गाणी ऐकत बसलो होतो, त्यामुळे तिने बोलावलेलं मला ऐकू आलं नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे. ताईला, डॉक्टरांना, शेजारपाजारच्यांना. मीच तसं सांगितलंय.

२

मी सहाला ऑफिसातून येतो. चहा झाला की खोलीतल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरायचं आणि कामाला लागायचं, असा मग दहा-बारा दिवस क्रम झाला. आधी सगळे भाग यादीशी ताडून पाहिले. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे भिंगातून वाचले, तरी मीटर लावून एकेकाची खात्री करून घेतली. ताई म्हणते, तुला कुणी मूठभर तांदूळ दिले तर तू ते दाणे मोजून घेशील. तिने माझं नावच काटेकोर ठेवलंय.

ती दारात स्टूल टाकून बसायची. मांडीवर काहीतरी काम असायचंच, फाटलेला अभ्रा नाहीतर वाटाण्याच्या शेंगा. मी सोल्डरची तार टेकवली की राळेचा वास सुटायचा आणि धुराची एक बारीक रेघ वर जायची. ती नाक मुरडायची, पण उठायची नाही. मला कामात रमलेला पाहून तिला बरं वाटत होतं. मलाही मजा येत होती, आणि मजा येतेय हे लक्षात आलं की हात आपोआप थांबायचा.

माझं टेबल खिडकीखाली आहे. खुर्चीत बसलं की डाव्या हाताला भिंत येते. भिंतीपलीकडे आत्याची खोली. तिचा लोखंडी पलंग त्या बाजूने याच भिंतीला टेकलेला आहे. ताई रोज ती खोली झाडते, चादर बदलते. मी तिथे जात नाही.

पहिल्यांदा अँप लावला तेव्हा हेडफोनमधून नुसता घूं असा आवाज आला. अर्थिंगची एक वायर जोडायचीच राहिली होती.

"काय रे काटेकोर," ताई हसली, "दाणा राहिला वाटतं एक."

वायर जोडली. दोन्ही ट्यूबच्या पोटात नारिंगी ठिणगी पेटली, अर्ध्या मिनिटाने गाणं सुरू झालं, आणि खरं सांगतो, इतकं गोड गाणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. गाणारी बाई श्वास कुठे घेते तेसुद्धा कळत होतं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ताई माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. तेव्हा खोलीतून उठून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. बसून राहिलो.

३

ऑफिसात आमचा एक सहकारी आहे. त्याच्या कानात काही सांगितलं की ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणतात. त्याच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. अँप तयार झाल्याचं त्याला सांगितलं.

"पेन्सिलीने टिचक्या मारून बघितल्यास?"

"कशाला?"

"ट्यूबला रे. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने, हळू. कानात टण्ण वाजेल."

"म्हणजे खराब आहे असं समजायचं?"

"खराब कशाने? थोडी सगळ्याच वाजतात. आत बारीक तारांची जाळी असते, ती हलली की आवाज होतो. ट्यूब म्हणजे अर्धा माइकच समज. फारच वाजायला लागली तर मात्र बदलून घे, नाहीतर टेबलाला धक्का लागला तरी ऐकू येईल."

संध्याकाळी बसलो. आमच्याकडे काटा तपासायची पहिली पायरी ठरलेली असते. पारड्यात काहीही न ठेवता तो शून्य दाखवतो का, ते आधी बघायचं. त्याच सवयीने मी गाणं बंद केलं, फोनची वायर काढून टाकली, आवाजाची खुंटी पार खाली आणली. कानात स्वच्छ शांतता होती. उजव्या ट्यूबला टिचकी मारली: टण्ण. डाव्या ट्यूबला तीन टिचक्या मारल्या.

चार ऐकू आल्या.

चौथी वेगळी होती. तिच्यात काचेचा नाद नव्हता. कोरडी, बारीक, धातूवर धातू वाजावा तशी टक्. मी पेन्सिल वर्तमानपत्रावर ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि श्वास रोखून ऐकत राहिलो. पुन्हा आलं, सावकाश, सारख्या अंतराने. टक्, टक्, टक्, टक्. थोडं थांबून पुन्हा चार.

हेडफोन काढले. फ्रिज घुरघुरत होता. ताई स्वयंपाकघरात होती.

"ताई, तू काही वाजवते आहेस का?"

"वाटाणे सोलतेय. वाटाणे वाजतात का कधी?"

रस्त्यावरून जड ट्रक गेला असेल, नाहीतर वरच्या मजल्यावर कुणी खिळा ठोकत असेल. ट्यूब अर्धा माइक आहे, भोंगा म्हणालाच होता. मी स्वतःला हे बजावलं आणि अँप बंद केला. मग हात दोनदा धुतले.

४

आत्याचं उजवं अंग आणि वाचा एकाच सकाळी गेली. तिसऱ्या दिवशी तिने डाव्या हाताच्या खुणांनी शिवणाचा डबा मागून घेतला आणि त्यातलं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती पत्र्याची टोपी, काढून डाव्या बोटात घातलं. तेव्हापासून पलंगाच्या दांडीवर ते वाजवून ती बोलवायची. ताईने खुणा ठरवून दिल्या. एकदा वाजवलं तर हो. दोनदा, पाणी. तीनदा, कूस बदलून दे. आणि चारदा म्हणजे काही नको, नुसतं जवळ येऊन बस.

त्या दुपारी ताईची दाढ काढायची होती. आठवडाभर ती गाल सुजवून घरचं सगळं करत होती. शेवटी मीच म्हटलं, जा, मी आहे. ती दोन तासांनी परत आली आणि आत्या गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, कुणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं. ताईला त्याने धीर आला नाही. तिच्या वॉर्डात, तिच्या पाळीत, एकही पेशंट एकटा जाऊ द्यायचा नाही अशी तिची रीत होती. घरी जायची वेळ टळून गेली तरी ती हात धरून बसायची. आणि तिची स्वतःची आई एकटी गेली.

महिन्याभरात तिने नोकरी सोडली.

आता, माझा अँप लागला त्याच आठवड्यात, तिच्या मेट्रनबाईंचं पत्र आलं. वॉर्डला जुनं माणूस हवं होतं. शनिवारी पाचपर्यंत फोन करून कळव, नाहीतर दुसरी घेते, असं स्पष्ट लिहिलं होतं. ताईने पत्र मला वाचायला दिलं आणि पुन्हा घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवलं.

"जा की," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडाने जाऊ? माझी आई मरत होती आणि मी दाढ दाखवत बसले होते."

"तुझा काय दोष त्यात?"

"तुझा तर नाहीच," ती लगेच म्हणाली. "तुझ्या कानांवर ते होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी गेले नसते तर तिला कुणीतरी ऐकलं असतं, एवढंच मी म्हणते."

माझ्याजवळ एक वाक्य होतं. ते बोललो असतो तर ती दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाली असती. ताटातलं संपवलं, ताट उचललं, विसळून ठेवलं.

५

"अदलाबदल कर," भोंगा म्हणाला. त्याला मी एवढंच सांगितलं होतं की डाव्या बाजूला टकटक येते. "डावी ट्यूब उजवीकडे, उजवी डावीकडे. टकटक ट्यूबबरोबर गेली तर ट्यूब बदल. जागा सोडली नाही तर तुझ्या सोल्डरिंगमध्ये घोळ आहे. चेहरा का असा झालाय तुझा? ट्यूबच आहे ती, काही सोयरीक मोडली नाही."

मंगळवारी ट्यूब गार होऊ दिल्या आणि अदलाबदल केली. टकटक डावीकडेच राहिली. म्हणजे ट्यूब चांगल्या होत्या. मला एकदम हायसं वाटलं. घोळ माझ्या हातचा होता आणि हातचा घोळ निस्तरता येतो. डाव्या बाजूचे सगळे जोड पुन्हा तापवून पक्के केले.

टकटक आलीच.

मग हेडफोन संशयास्पद वाटले. जुने होते, दोन वर्षं कपाटात पडून होते. मी ते उलटे लावले, डावा उजव्या कानावर आणि उजवा डाव्या कानावर. आता हे साधं आहे, कुणालाही कळेल. आवाज डाव्या वायरीतून येत असेल तर तो आता माझ्या उजव्या कानात यायला हवा.

तो डाव्या कानातच आला.

मी उठून खुर्ची फिरवली, खिडकीकडे पाठ करून बसलो. हेडफोनला हात लावला नाही. या वेळी टकटक उजव्या कानात आली. खुर्ची पुन्हा जागेवर नेली, डाव्या कानात आली. हे मी चार वेळा केलं. अँप कसाही असो, ट्यूब कुठलीही असो, जो कान भिंतीकडे असेल त्या कानात आवाज येत होता.

"काय चाललंय रे?" ताई दारातून म्हणाली. "संगीत खुर्ची खेळतोयस का एकटाच?"

"आवाजाचं बघतोय."

"येतोय ना नीट?"

"येतोय," मी म्हटलं.

६

बुधवारी शून्य तपासायचं ठरवलं. पहिल्या वेळी ते नीट केलंच नव्हतं असं मला रात्रभर वाटत राहिलं होतं. पारडं रिकामं म्हणजे पूर्ण रिकामं हवं. अँपचं बटण बंद केलं. भिंतीतला प्लग काढला. ट्यूब विझल्या, गार झाल्या, दोन्ही काढून कापसात ठेवल्या. हेडफोनची पिन अँपमधून उपसली आणि वायर मांडीवर टाकली. मग हेडफोन कानांवर चढवले. कशालाही न जोडलेले हेडफोन.

इतक्या स्पष्ट टकटक कधीच आल्या नव्हत्या. अंगुस्तान दांडीवर टेकायच्या आधी किंचित घासलं जायचं, तेही ऐकू येत होतं. आणि या वेळी आणखीही काही होतं. भिंतीच्या उलट बाजूच्या कानात, अगदी जवळ, कुणीतरी पुस्तकाचं पान उलटलं. खुर्ची करकरली. कुणीतरी आवाज न होऊ देता, नाकाने, सावकाश श्वास सोडला.

ती माझी खुर्ची होती, हे मी ओळखलं. पण मी हललो नव्हतो. आणि माझ्या हातात पुस्तक नव्हतं.

आता सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दुपारी ताई गेल्यापासून आत्याने अकरा वेळा बोलावलं. पाणी दिलं. कूस बदलली. पुन्हा पाणी. मग चार-चारच्या टकटकी सुरू झाल्या. गेलो, बसलो, तिने माझा हात धरला, दोन मिनिटांनी मी काहीतरी सांगून उठलो. खोलीत येऊन पुस्तक उघडतोय तोच पुन्हा चार. पुन्हा गेलो. बाराव्यांदा दांडी वाजली तेव्हा माझं डोकं फिरलं. मी टेबलावरचे हेडफोन उचलले आणि कानांवर लावले. गाणं लावलं नाही. पिन कशालाच जोडली नाही, वायर मांडीवर तशीच पडली होती. ते हेडफोन ऐकण्यासाठी नव्हते. ताई अचानक आलीच तर मला ऐकू आलं नाही असं म्हणता यावं, म्हणून होते.

ऐकू सगळं येत होतं. मी पुस्तक वाचत होतो आणि मोजत होतो, सवयच आहे तशी. ती बारावी वेळ धरून एकोणीस वेळा तिने बोलावलं, दर वेळी चार. शेवटी शेवटी अंतर वाढत गेलं. चौथी टकटक नुसती घासल्यासारखी यायची. मग थांबलं.

थांबलं तेव्हा मला बरं वाटलं. सुटलो, असं मी मनात म्हटलं आणि पान उलटलं. ताई येईपर्यंत पुढची बावीस पानं वाचली. ती आत्याच्या खोलीत गेल्याचं कळल्यावर मी घाईघाईने पिन फोनला जोडली.

बुधवारी मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, वर टॉवेल टाकला आणि घामाने भिजलेला शर्ट बदलला. गुरुवारी, शुक्रवारी टेबलाकडे फिरकलो नाही. ताईने विचारलं, ऐकत का नाहीस? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

७

शनिवारी आमचं ऑफिस अर्धा दिवस असतं. साडेतीनला घरी आलो. वाटेत मी ते वाक्य पाठ केलं होतं. त्याचे चार-पाच मसुदे केले होते. एकात मी दमलेला होतो, एकात माझं डोकं दुखत होतं, एकात मला डुलकी लागली होती. प्रत्येक वाक्यात आपला दोष जरा कमी वजनाचा दिसावा म्हणून मी काटा दाबत होतो. हे करणाऱ्या दुकानदारांना मी कामावर नोटिसा देतो.

स्वयंपाकघरात ताई नव्हती. डाळीचा डबा बाजूला सरकवलेला होता आणि पत्र उघडं पडलं होतं. माझ्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

ती माझ्या खुर्चीत बसली होती. कानांवर हेडफोन होते. टॉवेल घडी करून टेबलावर ठेवला होता, दोन्ही ट्यूब कापसातच होत्या, अँप विझलेला होता. हेडफोनची वायर तिच्या मांडीवर पडली होती. तिला त्यातलं काही कळत नाही; कानांवर चढवलं की वाजतं, एवढंच तिला माहीत.

मला पाहून तिने हात वर केला. थांब, असं. ओठ हलत होते. ती मोजत होती.

"हे कसलं रेकॉर्डिंग आहे?" ती म्हणाली. हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशी मोठ्याने.

मी दारातच थबकलो.

"आईचं आहे," ती म्हणाली. "आईचं अंगुस्तान आहे हे. तू कधी रेकॉर्ड केलंस? मला कधी बोलला नाहीस." तिचा चेहरा उजळला होता. दोन वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. "चार वाजवतेय बघ. बस म्हणतेय. कुणीतरी बसलंय शेजारी, पानं उलटल्यासारखा आवाज येतो. तू वाचून दाखवत होतास का तिला?"

हो म्हणायचं होतं फक्त. तिने सगळं तयार करून माझ्या हातात दिलं होतं. हो म्हटलं असतं तर तिला आयुष्यभर पुरेल असं काहीतरी मिळालं असतं, आणि मलाही.

मी गप्प राहिलो तशी तिची नजर खाली गेली. मांडीवरची वायर तिने बोटाने उचलली. तिचं टोक हातात आलं. तिने पिन पाहिली, अँपकडे पाहिलं, पुन्हा पिन पाहिली.

"ही लागलेलीच नाहीये."

"नाही."

"मग हे ऐकू कसं येतंय?"

मी दाराची चौकट धरली होती.

"ताई," मी म्हटलं, "तेव्हाही येत होतं."

तिला कळायला फार वेळ लागला नाही. रडेल, ओरडेल, पिन माझ्या अंगावर फेकेल असं वाटलं. फेकली असती तर बरं झालं असतं. ती फक्त माझ्याकडे पाहत राहिली, वॉर्डात नवा पेशंट आला की पाहायची तशी, काय झालंय आणि किती दिवसांचं आहे हे ठरवत.

"किती वेळा?"

"एकोणीस. त्याआधी अकरा वेळा गेलो होतो."

"मोजलंस."

"हो."

"एकोणीसच्या एकोणीस चार-चारच्या?"

"हो."

तिने हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली, टेबलावर ठेवली. माझ्या बाजूने जाताना तिचा खांदा मला लागला नाही, तिने तो अंग चोरून वाचवला. स्वयंपाकघरातून फोनचा आवाज आला. "हो, मेट्रन. मीच बोलतेय. सोमवारपासून येते. राहायला खोली मिळेल का तिकडेच?"

८

रविवारी ती बॅग भरत होती. मी मदत करू का म्हणून विचारलं, ती नको म्हणाली. रागाने नाही. अनोळखी माणसाला म्हणतात तसं.

निघताना ती आत्याच्या खोलीत गेली, चादर बदलली, स्टूल पलंगाजवळ ओढून ठेवलं. मग दारात येऊन चपला घालताना, मान खाली घालून, म्हणाली, "दोन वर्षं मी तुझी समजूत काढत होते."

"ताई, मी..."

"काल रात्री मी तिच्या खोलीत झोपले. काहीसुद्धा ऐकू आलं नाही. मला ती बोलावत नाहीये." तिने पट्टा लावला, बॅग उचलली. "तू जा. तिला एकटी ठेवू नकोस."

दार लागलं. जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. तिथून आत्याची खोली सगळ्यात लांब. हेडफोन माझ्या टेबलावर होते आणि माझे कान उघडे होते.

टक्, टक्, टक्, टक्.

पाणी प्यालो. वर कुणी खिळा ठोकतंय का म्हणून छताकडे पाहिलं. ट्रक, फ्रिज, नळ, सगळ्यांना एकेक संधी देऊन झाली. पुन्हा चार. मी मोजायला लागलो होतो. हे लक्षात आलं आणि स्वतःची इतकी किळस आली की पाय आपोआप निघाले.

दोन वर्षांनी त्या खोलीत गेलो. पडदा ओढलेला होता, उजेड पिवळट होता, धुतलेल्या कापडाचा वास होता. पलंगाकडे न बघता, फरशीकडे बघत गेलो आणि स्टुलावर बसलो. बसलो त्या क्षणी टकटक थांबली. मग पलंगाच्या पट्ट्या हळू करकरल्या, पडलेलं माणूस कडेला सरकतं तशा.

मला फरशी दिसत होती, माझे गुडघे दिसत होते, आणि त्यांच्यापुढे चादरीची लोंबणारी कड. ती कड आतून थोडी ताणली गेली. तिच्याखालून एक हात बाहेर आला, डावा, सुरकुतलेला, आणि माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, तळवा वर करून थांबला.

त्याला आता तीन आठवडे होतील. ऑफिसातून आलो की मी त्या खोलीत जाऊन बसतो. ताईचा फोन येत नाही. भोंगा विचारतो, ट्यूब बदललीस का, मी हो म्हणतो. तो हात रोज येतो आणि मी उठेपर्यंत तसाच थांबतो. तिला काही नको आहे, हे मला ठाऊक आहे. पण हात धरायचा म्हणजे मान वर करून तोंड दाखवावं लागेल, आणि ते मला अजून जमलेलं नाही.